जोर कोणत्या चाकात

पिंपळगाव राजा, मळ्यातून
८ जुलै २०२५

चि. शेखर यास अर्जुनरावांचे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. दोन वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाच्या मांडवात मी शपथ घेतली होती की तुमच्या घराशी पुन्हा बोलणार नाही, आणि माझ्या घरचं कोणी तुमच्याकडे किंवा तुमच्या घरचं कोणी माझ्याकडे पाय ठेवणार नाही. ती शपथ अजून शाबूत आहे. पण ती बोलण्याची होती, लिहिण्याची नव्हती. तेवढं मी तेव्हाच मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. माणसानं रागातही पुढचा विचार करावा.

फ्लेक्सचा विषय मी काढत नाही. थोरला जावई म्हणून माझा फोटो वरच्या ओळीत पाहिजे होता, तो खालच्या ओळीत गेला, आणि खालच्या ओळीसमोर तुमच्या आचाऱ्यानं कांद्याची पोती रचली, त्यामुळे लग्नभर लोकांना माझा फक्त फेटा दिसला. हे सगळं मी विसरलो आहे.

आता कामाचं. गेल्या वर्षी मी खामगावच्या एका डॉक्टरची पांढरी गाडी घेतली. डांबरी रस्त्यावर ती सुरेख चालते. पण मळ्यापासून डांबरीपर्यंत रस्ता काळ्या मातीचा आणि शेवटी चढ. पाऊस झाला की एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं पाहुण्यासारखं उभं राहतं. मोबाइलवर एका माणसानं दाखवलं की यावर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल नावाचा उपाय आहे. तो बसवला की दोन्ही चाकं मिळून गाडी ओढतात. मी लगेच मागवून टाकला. तू देऊळगाव राजाला स्पेअर पार्टचं दुकान टाकून बसला आहेस, म्हणून विचारतो, माझ्या गाडीला तो बसेल का? मागच्या चाकांना बसवायचा आहे. जोर मागच्याच चाकांत आहे, ते मी स्वतः तपासलं आहे.

तो बसला की शपथेतलं पाय ठेवण्याचं कलम मी माझ्यापुरतं सैल करीन आणि पुष्पाला घेऊन गाडीनं येईन. थोरला जावई एसटीनं येत नसतो. तोवर तुझ्या मुलीचं नाव परस्पर ठेवू नये. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या माझ्या घरात आहे. नाव अर्पिता ठरलं आहे. माझ्यासारखंच अ वरून आहे, आणखी कारण विचारू नये.

तुझा रागावलेला
दाजी


देऊळगाव राजा
१६ जुलै २०२५

ती. दाजींना शेखरचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन दुकानातच थांबून राहिला, कोण गेलं म्हणून. हल्ली हातानं लिहिलेलं पत्र आलं की लोकांना आधी तेच वाटतं.

फ्लेक्सचं आपण विसरलात हे वाचून समाधान वाटलं. फेटा मात्र फोटोत फारच छान आला होता, हे विरोधकही कबूल करतात.

आता आपण मागवलेल्या त्या डिफरन्शियलच्या डब्याकडे येतो. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटायला गियरांचा एक गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्याला एक खोड असते. जे चाक चिखलात सैल फिरतं, त्यालाच तो फिरवत राहतो. जे चाक घट्ट जमिनीवर आहे, जे खरं तर गाडी बाहेर काढू शकतं, ते उपाशी राहतं. आपण ग्रामपंचायतीत दहा वर्षं काढलीत, तेव्हा हे आपल्याला समजावून सांगायला नको. लिमिटेड स्लिपवाला डिफरन्शियल त्या सैल चाकाला आवरतो आणि जोर दुसऱ्याकडे वळवतो.

पण तो कुठल्याही गाडीला बसत नाही. ज्या चाकांत जोर असतो त्याच चाकांना तो लागतो. जोर मागच्या चाकांत असेल तर तो मागच्या आसात बसतो. पुढच्या चाकांत असेल तर गियरबॉक्सच्या पोटात, आणि मग सगळंच प्रकरण वेगळं. त्यातून आसाचे दाते आणि बोल्टची भोकं जुळावी लागतात. म्हणून गाडीचं नाव आणि साल कळवा, चेसिस नंबर कळवा, डब्यावरचा नंबर कळवा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गाडी अडकली की खाली उतरा आणि फिरतंय ते चाक पुढचं की मागचं ते बघा. आपण ‘तपासलं’ म्हणता ते कसं, तेही लिहा. मलाही धंद्यात उपयोगी पडेल.

एक शंका आहे. मे महिन्यात मळ्याच्या रस्त्यावर चिखल नव्हता. तेव्हा काय अडलं होतं?

मुलीला अकरावा महिना लागला. खाली दोन दात आले आहेत. गालाला खळी पडते म्हणून मी डिंपल म्हणतो, तिची आई छकुली म्हणते, दवाखान्याच्या कार्डावर ‘शेखर यांची मुलगी’ एवढंच आहे. नर्स दर वेळी नाव विचारते आणि मी दर वेळी सांगतो की नाव निघालं आहे, वाटेत चिखलात अडकलं आहे.

आपला
शेखर


पिंपळगाव राजा
२५ जुलै २०२५

चि. शेखर यास आशीर्वाद.

तू उत्तर पाठवलंस की प्रश्नपत्रिका, तेच कळलं नाही. तरी लिहितो.

गाडीचं नाव. मागे कंपनीचं नाव होतं, ते मी खरवडून काढलं आणि तिथं ‘अर्जुनराव’ असं पितळी अक्षरांत लावलं. त्यामुळे आता गाडीचं नाव अर्जुनराव. चेसिस नंबरासाठी बॉनेट उघडायला गेलो तर खटका हातात आला. डबा आला आहे, चांगला वजनदार आहे. आल्या दिवशी रीतसर पूजा केली. नारळ डब्यावरच फोडला, त्यामुळे नंबरावर पाणी आणि कुंकू जाऊन तिथं लाल चिखल झाला आहे. डब्यावर जीपचं चित्र आहे, ते शोभेचं असावं. परत पाठवायचा प्रश्नच नाही. पूजलेली वस्तू कोणी परत करत नाही.

खाली उतरून बघा म्हणतोस. चालवणाराच खाली उतरला तर गाडी चालवायची कोणी? आणि ग्रामपंचायतीत दहा वर्षं काढलेला माणूस चिखलात वाकून चाकं बघतो आहे, हे चांगलं दिसतं का?

तपासलं कसं ते वाच आणि शीक. गाडी सरळ घातली तर चढ चढत नाही. फिरवून उलटी घातली, मागचं तोंड चढाकडे केलं, की झपझप चढते. म्हणजे मागची चाकं पुढे आली की ओढतात. म्हणजे जोर मागच्या चाकांत. यात राहिलं काय? पावसाळाभर मी मळ्यातून उलटाच बाहेर पडतो. परवा आमचे शेजारी किसनराव बांधावरून ओरडले, “काऊन हो अर्जुनराव, घरी चालले का घरून निघून राह्यले?” मी म्हटलं, “निघून राह्यलो, तोंड तेवढं घराकडं हाय.”

उलटीसुद्धा कधी कधी अडकते. मग पुष्पा ढकलते. पण तिला ढकलायची रीत नाही. गाडी सरळ असते तेव्हा ती मागून ढकलते, तेव्हा लुगडं कोरडंच्या कोरडं. गाडी उलटी असते तेव्हा पुढून बॉनेटला हात लावून ढकलते, की डोक्यापासून पायापर्यंत चिखल. नाकातोंडात जातो. मी तिले म्हटलं, “अवं, पुढून ढकलतानी जराशी बाजूले होत जाय, साबन किती लागून राह्यला!” पण ऐकत नाही. तुमच्या घरचंच वळण.

मे महिन्याचं विचारलंस. तेव्हा गाडीत थंड हवा येत नव्हती. थोरला जावई घामेजलेला येत नसतो.

नाव अर्पिता. डिंपल हे नाव मी ऐकलेलं नाही असं समज.

दाजी


देऊळगाव राजा
१ ऑगस्ट २०२५

दाजी, नमस्कार.

आपल्या पत्रात गाडीचं नाव नाही, चेसिस नंबर नाही, डब्याचा नंबर नाही. तरी मला पाहिजे ते सगळं सापडलं. ताईच्या लुगड्यावर सापडलं.

चिखल उडवतं ते फिरणारं चाक. मागून ढकलताना ताई कोरडी राहते, कारण तिच्याजवळची मागची चाकं मुळी फिरतच नाहीत. पुढून ढकलताना ती भरते, कारण उलट्या गाडीची पुढची चाकं उलटी फिरतात आणि चिखल थेट समोर, तिच्या अंगावर फेकतात. गाडी उलटी चढते तीही त्याचमुळे. चढावर वजन उताराच्या बाजूला येतं, आणि उलट्या गाडीत त्या बाजूला पुढची चाकं असतात. वजन पडलं की ती पकड घेतात. आपल्या गाडीचा सगळा जोर पुढच्या चाकांत आहे. मागची दोन चाकं नुसती वऱ्हाडात आल्यासारखी मागून येतात. जीपचं चित्र शोभेचं नाही, डबा जीपच्या मागच्या आसाचाच आहे. आपल्या गाडीला तो मागे बसणार नाही, पुढे बसणार नाही, आणि आणखी दोन नारळ फोडले तरी बसणार नाही.

हे झालं दुकानदाराचं उत्तर. आता भावाचं.

ताईला फोन केला की ती ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणते. ती भर पावसात तुमची गाडी ढकलते, हे मला तुमच्या साबणाच्या तक्रारीतून कळावं? तुम्हाला खाली उतरायची लाज वाटते आणि तिला चिखलात उभी करायची वाटत नाही? पत्र वाचून मला फार राग आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसलो, आणि तिथं मला रडू आलं.

राखीपौर्णिमा आठवड्यावर आली आहे. ताईला पाठवा. मी स्वतःच न्यायला आलो असतो, पण तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही असं तुमचंच फर्मान आहे, आणि जावयाचं फर्मान मोडायची आमच्या घरात पद्धत नाही.

आणि हो, दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली आहे. ‘डिंपल ऑटो’.

शेखर


पिंपळगाव राजा
९ ऑगस्ट २०२५

शेखर यास,

या वेळी आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र मी ओट्यावर ठेवलं आणि ते पुष्पानं वाचलं. वाचून ती हसली. मी विचारलं, “काय झालं वं?” त्या घटकेपासून तिनं माझ्याशी बोलणंच बंद केलं. शपथ माझी, आणि वापरायला लागली ती.

काल सकाळी मी खामगावला जायला गाडी काढली. चढावर अडकली. हॉर्न दिला. एरवी ती पहिल्या हॉर्नला पदर खोचून येते. पुन्हा दिला, बराच वेळ दिला. शेवटी ती आली, पण नवं लुगडं नेसून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला. गाडीच्या बाजूनं, कडेच्या गवतावरून, ती चढ चढून वर डांबरीवर गेली. मी काच खाली करून ओरडलो, “अवं, ढकलाचं राह्यलं!” तिनं मागं पाहिलंसुद्धा नाही. एसटी आली, तिनं हात केला, गेली. मोबाइल घरीच ठेवून गेली आहे.

मी बराच वेळ गाडीत बसून होतो. उतरलो असतो, पण चिखल फार होता. मग किसनराव बैलजोडी घेऊन आले आणि त्यांनी गाडी ओढून काढली. काढताना ते जे काही बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ती तिकडे पोचली असेल तर कळव. मला तिच्याशी बोलता येणार नाही. ती आता तुमच्या घरात आहे, आणि तुमच्या घराशी बोलायचं नाही ही शपथ तिलाही लागू होते. पण तिला सांग की पोळा तोंडावर आला आहे. पुरण कोण शिजवणार? बैलांना मी काय तोंड दाखवू? घरात मीठ कुठल्या डब्यात असतं तेही विचारून ठेव.

पुढच्या चाकांचं मला पटलेलं नाही.

नाव अर्पिता.

दाजी


देऊळगाव राजा
१४ ऑगस्ट २०२५

तुम्हाला नमस्कार. नाव मी घेत नाही, पाकिटावर शेखरनं लिहिलं आहे.

मी सुखरूप पोचले. बायांना एसटीला अर्धं तिकीट आहे. अर्ध्या तिकिटात पूर्ण आले, आणि सगळ्या वाटेत गाडी कुठंही ढकलावी लागली नाही. खिडकीपाशी बसून मी नुसती बाहेर बघत होते. इतकं सोपं होतं तर मी दोन वर्षं का थांबले, याचाच मला राग येत होता.

इथे आले तर भावाचा थाट तुमच्याहून कमी नाही. राखी बांधून हात खाली आला नाही तोच म्हणाला, “ताई, डिंपलच ठेव बरं का, पाटी रंगवून झाली.” मी विचारलं, “खामगावची गाडी तुझ्या दुकानासमोरून जाते. दोन वर्षांत एकदा बसून आला का नाहीस रे?” म्हणाला, “दाजींनी मनाई केली होती ना.” मी म्हटलं, “तुझी बरी सोय झाली.” तुमची पत्रं त्यानं दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवली आहेत. त्यातलं साबणाचं पत्र तेवढं वाचलं नाही, असं तो शपथेवर सांगतो. तुमच्या दोघांच्या शपथा मला माहीत आहेत. त्याला सांगितलं, राग आला होता तर मागच्या खोलीत रडून पत्र कशाला लिहीत बसलास? उठून यायचं होतं.

मग मी म्हटलं, तो तुमचा डबा मला समजावून दे. दुकानात एक जुना, साधा, उघडलेला पडला आहे. त्यानं एका बाजूचा आस माझ्या हातात घट्ट धरायला दिला आणि मधलं मोठं चक्र फिरवलं. दुसरी बाजू गरगर फिरायला लागली, माझ्या हातातली जागची हलली नाही. मी म्हटलं, समजलं. दोन वर्षं तुम्ही दोघं असेच फिरलात. घरातला सगळा जोर तुमच्या रुसव्याला आणि त्याच्या टोमण्यांना गेला. गाडी काढायची ती मी, नाव मिळायचं ते या पोरीला, आणि आम्ही दोघी जागच्या जागी.

काल बारसं केलं. अकरा महिन्यांची पोरगी पाळण्यात कशी मावणार? पाय बाहेर. तिच्या कानात कुर्रर्र करायला वाकले तर तिनं माझंच कानातलं धरून ओढलं आणि खदखदा हसली. शेजारच्या वच्छलाबाई आणि बाकीच्या बायांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत गुद्दे घातले. चांगले दणदणीत घातले. मला काही वाटलं नाही, पाठ तुमच्या गाडीनं तयार केलेली आहे.

नाव अर्पिता ठेवलं नाही. डिंपलही ठेवलं नाही. समता ठेवलं. कोणाला विचारलं नाही. शेखरला पाटी पुन्हा रंगवावी लागेल, त्याचं तोंड अजून उतरलेलं आहे. तुमचं इथून दिसत नाही, पण अंदाज आहे.

मीठ चुलीमागच्या बरणीत आहे. तीस वर्षं तिथंच आहे. पोळ्याचं पुरण तुम्ही शिजवा, बैल नावं ठेवत नाहीत.

मी कधी येणार ते अजून ठरवलं नाही. न्यायला यायचं असेल तर या, दार उघडं आहे. पण एक सांगून ठेवते. यापुढे गाडी अडकली तर खाली तुम्ही उतरायचं. मी आत बसून हॉर्न वाजवीन.

पुष्पा


पिंपळगाव राजा
२३ ऑगस्ट २०२५

सौ. पुष्पास,

पोळा झाला. पुरण खाली लागलं. बैलांनी खाल्लं, त्यांच्यापुढं दुसरा इलाज नव्हता.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी फार संतापलो होतो. नंतर घर फार मोठं वाटायला लागलं. तुझ्याशिवाय करमत नाही, हे लिहायला मला कठीण जातं आहे, पण शपथ बोलण्याची होती, म्हणून लिहितो.

आज सकाळी तुझ्याकडे निघावं म्हणून गाडी काढली. चढावर अडकली. आत किसनरावांना बसवलं आणि मी उतरलो. आधी सरळ गाडीला मागून ढकललं. धोतर कोरडं राहिलं. मग गाडी उलटी घातली आणि बॉनेटला हात लावून पुढून ढकललं. किसनरावांनी जरा जास्तच जोरानं रेटलं असावं. डोळे, कान, तोंड, सगळं भरलं. चिखल खारट लागतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. अंग धुवायला एक अख्खा साबण लागला.

शेखरला सांग, जोर पुढच्या चाकांत आहे. मी स्वतः तपासलं.

डबा फुकट गेला नाही. गोठ्याचं दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं, त्याला टेकू लावला. तिथं चपखल बसला.

सोमवारी खामगावहून जालन्याच्या एसटीनं येतो. मला पूर्ण तिकीट पडेल. कोणी घ्यायला येऊ नये आणि फ्लेक्स लावू नये. शपथ मी मोडलेली नाही, हे तुझ्या भावाला स्पष्ट सांग. मी शपथ घेतली तेव्हा समता तुमच्या घरात नव्हती. तिला ती लागू होत नाही. जे बोलायचं ते मी समताशी बोलेन. तुम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकावं.

अर्जुनराव